वळणावरचा जोड

दुर्गाघाट, वाराणसी
माघ, धुक्याचे दिवस

प्रिय ऋता,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. प्रमोदिनी तुझ्याशी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलते, मी, तिचा नवरा, मागून मोठ्यानं नमस्कार सांगतो, आणि गेलं वर्षभर आपलं तेवढ्यावरच भागलं आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची ओळख, आणि सगळी मिळून एका नमस्कारात. आज मात्र कागद घेऊन दुकानातच बसलो आहे. बाहेर इतकं धुकं आहे की गंगेकडची खिडकी उघडली तर समोर गंगा नाहीच, नुसतं पांढरं. वल्ह्याचं पाणी ऐकू येतं, कुणा मल्लाहाचं खोकणं ऐकू येतं, नाव काही दिसत नाही. अशा दिवसांत मला वाटतं की हे धुकं सरेल तेव्हा आपण दहा-अकरा वर्षांचे असू आणि तू वरच्या पायरीवरून मला हाका मारत असशील.

आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाद्रपदापासून मधुरा नावाची मुलगी राहते. मुलगी म्हणतो, पण पस्तिशीची आहे. मूळची भुसावळची, नवरा रेल्वेत, आणि ती स्वतः इथल्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये वेल्डिंग शिकवते. राहायला आली त्याच दिवशी चहाला खाली आली आणि कप हातात तसाच ठेवून माझं वेल्डिंगचं मशीन न्याहाळत बसली. ते जुनं हिरवं रेक्टिफायर, लिलावातून आणलेलं, तुला आठवत असेल. चालू केलं की अजूनही म्हशीसारखं हुंकारतं. मला म्हणाली, "काका, स्टेनलेसची कामं दिसत नाहीत तुमच्याकडे?" म्हटलं, सोडली. "का?" म्हटलं, या मशीनवर पातळ पाइप जळतो, भोकं पडतात. हे खरं होतं. सगळं नव्हतं, पण खरं होतं. तर ती म्हणाली, "मग याला टिगचा टॉर्च लावा ना. नवं मशीन कशाला? हे जुनं असलं तरी डीसी आहे. मुठीवरच गॅसची चावी असलेला टॉर्च घ्यायचा आणि आर्गन गॅसचं एक सिलिंडर. बस." मी हसून विषय सोडून दिला. पण रात्रंदिवस ते डोक्यात राहिलं. पातळ पाइप न जाळता जोडता येतो, आणि तोही माझ्याच मशीनवर. हे मला सहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर, असं सारखं वाटत राहिलं.

कार्तिकातल्या एका रविवारी आम्ही दोघांनी टॉर्च मशीनला जोडला. पंचावन्न वर्षांचा मी, आणि पाटीवर अक्षर गिरवावं तसा शिकत होतो. टॉर्च म्हणजे लांब काळ्या नळीला एक मूठ, पुढे गुलाबी चिनीमातीचं छोटंसं तोंड, आणि त्यातून डोकावणारी टंगस्टनची सुई. सुई आधी ग्राइंडरवर टोकदार करायची. मी आडवी धरली तर मधुरानं हात धरून फिरवला. "रेघा टोकाच्या दिशेनं जाऊ द्या काका, नाहीतर आर्क, म्हणजे ही ज्योत, भरकटतो." मग सवयीनं मी टॉर्चची केबल प्लसला लावली, कारण तीस वर्षं वेल्डिंगच्या सळईचा होल्डर तिथेच लावत आलो. पहिल्याच ठिणगीला ते सुरेख टोक मेणासारखं वितळून गोळी होऊन बसलं. ती पोट धरून हसली. "उलटं झालं! टॉर्च मायनसला, अर्थिंगची वायर प्लसला." पुन्हा सुई घासली. अशा चार सुया त्या दिवशी माझ्या हातून गेल्या.

गॅसची तर मला भीतीच होती, दिसत नाही ना काही. सिलिंडरवर काचेची नळी असते, तिच्यात एक गोळी तरंगते. ती आठावर आली की चावी सोडायची. टॉर्चच्या तोंडाशी तळहात धरला तर ना वास, ना रंग, कुणी झोपेत श्वास सोडावा तेवढंच गार काहीतरी. मधुरा म्हणाली, सगळी करामत याच श्वासाची आहे. तापलेल्या लोखंडाला हवा लागू द्यायची नाही, तोवर हा वरून पांघरूण धरतो. आणि आमच्या खिडकीतून येणारा गंगेवरचा वारा ते पांघरूण दर वेळी उडवून न्यायचा. जोडावर काळी भोकंच भोकं. शेवटी खिडकी लावली, दारावर ओलं गोणपाट टांगलं, तेव्हा कुठे जमलं. जुन्या मशीनला आर्क पेटवायचं बटण नसतं, काडीसारखी सुई ओढून पेटवावी लागते. ती सारखी चिकटायची. मग तिनं युक्ती सांगितली, बाजूला तांब्याची पट्टी ठेवायची, तिच्यावर पेटवायचं आणि अलगद पाइपावर न्यायचं.

आणि ऋता, मग जे दिसलं ते तुला कसं सांगू! सळईचं वेल्डिंग म्हणजे कढईतला तडतडाट, धूर, ठिणग्या. इथे काहीच नाही. मुखवट्याच्या काचेमागे हिरवा अंधार, आणि त्या अंधारात एकच चमकता थेंब हळूहळू पुढे सरकतो. आपण त्याला तारेचं टोक भरवायचं. इतकं शांत की पलीकडच्या पाठशाळेतली संथा शब्दन् शब्द ऐकू येत होती. जोड संपला की आर्क तोडायचा, पण टॉर्च तिथेच धरून गॅस सोडत राहायचं, धातू निवेपर्यंत. काच वर केली तर जोडावर सोनेरी आणि जांभळा रंग चढलेला, कबुतराच्या गळ्यासारखा. मी किती तरी वेळ तो हातात घेऊन बसलो. मधुराला वाटलं मला आनंद झाला आहे.

मला शिंदे घाट आठवत होता. तिथे काठावर एका लोखंडी होडीला वेल्डिंगचे डाग देत होते, आणि आपण दोघं बोटांच्या फटीतून तो निळा उजेड बघत उभे राहिलो होतो. संध्याकाळी दोघांचे डोळे सुजले, वाळू गेल्यासारखे खुपायला लागले. माझ्या घरी सांगायची सोय नव्हती. तुझ्या आईनं, आनंदीकाकूंनी, आपल्याला शेजारी शेजारी निजवून डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. तू रडत होतीस. मी आंधळ्यासारखा पडून म्हणालो की मी मोठा झालो की हेच करणार. काकूंनी विचारलं, "आणि वेद कोण म्हणणार रे देवा?" पण रागावल्या नाहीत. पुढे मी खरोखर दुकान टाकलं तेव्हा वडील सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. वेद म्हणणाऱ्या घनपाठ्यांचा मुलगा लोखंड जाळतो म्हणून गलीतले लोक हसले. काकूच एकट्या मिठाईचा पुडा घेऊन दुकानात आल्या आणि त्या मोडक्या स्टुलावर तासभर बसल्या, येणाजाणाऱ्यांना दिसावं म्हणून.

मार्गशीर्षापासून मी एक काम हाती घेतलं आहे. या गलीत मी पूर्वी जिथे जिथे स्टेनलेसचं रेलिंग केलं होतं, तिथून ते सोडवून आणतो, जुना प्रत्येक जोड कापतो, टॉर्चनं नव्यानं जोडतो आणि परत नेऊन बसवतो. पाच घरांची झाली. विश्वेश्वर शास्त्री विचारत होते, "अहो, चांगलं मजबूत तर आहे, उगाच का काढता?" म्हटलं, माझ्याकडची गॅरंटी आहे. मधुरालाही कळेना. रविवार नाही, सण नाही, संक्रांतीलाही मी कापत बसलेला. आणि मग मागच्या आठवड्यात तिला फळीवर, रंगाच्या डब्यांमागे, एक तुटका तुकडा सापडला. वीतभर स्टेनलेसचा पाइप, टोकाला तांबूस गंज. तिनं तो उजेडात धरला. शिकवणारी बाई, एका नजरेत ओळखलं. "काका, हा कुणाचा प्रताप? भोक पडलं ते साध्या लोखंडी सळईनं बुजवलंय, घासलंय आणि वरून चंदेरी रंग दिलाय. आतून कुजत गेला की हा." मी म्हणालो, असाच कुणीतरी. ती म्हणाली, "ज्यानं केलं त्याला माहीत असणार." आणि तो तुकडा होता तिथे ठेवून वर निघून गेली.

तो मी केला, ऋता. सहा वर्षांपूर्वी काकूंनी घाटाच्या पायऱ्यांसाठी रेलिंग करायला सांगितलं, तेव्हाचा. देवदिवाळी दोन दिवसांवर आली होती, पायऱ्यांवर गर्दी होणार म्हणून मी घाई केली. वळणावरचा शेवटचा जोड करताना पाइप जळून बोटाएवढं भोक पडलं. स्टेनलेसच्या सळया संपल्या होत्या. मी साधी सळई लावून ते बुजवलं, रंग दिला आणि मनाशी म्हणालो, सण झाला की नीट करू. केलं नाही. दर पावसाळ्यानंतर तिथे तपकिरी डाग दिसायचा आणि मी ब्रश घेऊन जायचो. काकू रोज सकाळी त्याच रेलिंगला धरून उतरायच्या आणि नवख्या माणसालाही थांबवून सांगायच्या, "हे आमच्या देवदत्तानं केलंय." दोन वर्षांपूर्वी त्या सकाळी रेलिंग तुटल्याचा आवाज आला तेव्हा पहिला मी धावलो, तुला आठवत असेल. मी त्यांना उचललं. तुला ऐकू गेलं नाही, पण त्या मला म्हणाल्या, "मीच फार जोरात धरलं रे." तुम्ही त्यांना दवाखान्यात नेलंत आणि मी मागे राहिलो. तो तुकडा उचलून कोटाच्या आत घातला आणि दुपारपर्यंत वळणावर बांबू बांधून टाकला. लोक म्हणाले शेवाळ होतं, पाय घसरला, पडता पडता रेलिंग ओढलं. मी मान हलवली. चार महिने त्या अंथरुणावर होत्या, मी रोज येऊन पायथ्याशी बसलो, आणि चैत्रात त्या गेल्या तेव्हा खांदाही दिला. तेव्हाही बोललो नाही. पुढे तुम्ही नाशिकला गेलात, आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

मी बहुधा असाच म्हातारा झालो असतो. पण परवा प्रमोदिनी तुझ्याशी बोलून फोन ठेवून रडत बसली. तू तिला पहिल्यांदाच सांगितलंस म्हणे, की त्या सकाळी तुमच्या रुचाचा बंगळूरहून फोन आला, पोरीला नोकरी लागली होती, आणि तो घ्यायला तू आईचा हात सोडलास. तेव्हापासून रुचाचा फोन वाजला की तू उचलत नाहीस, आणि त्या मुलीला आपलं काय चुकलं तेच कळत नाही. ऋता, तुझा हात सुटला म्हणून काकू पडल्या नाहीत. त्यांनी रेलिंग धरलं होतं, नीट धरलं होतं, आणि ते माझ्या जोडावर तुटलं. तू शेजारी असतीस तर दोघी पडला असता. प्रमोदिनीला मी काल सगळं सांगितलं, ती अजून माझ्याशी बोललेली नाही. मधुराला आज सकाळी सांगितलं. गलीतही सांगणार आहे, पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं. तुझ्या श्रीनिवासरावांना हे पत्र दाखव. माझं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, पुन्हा तोंड बघायचं नसेल तर तसंही कळव, मी समजेन. पण ते नंतर. आधी कागद खाली ठेव आणि रुचाला फोन लाव.

तुझाच
देवदत्त