मशीनच्या खोलीची वाटणी

मी, वनमाला गहिनीनाथ देवकते, वय ६९ वर्षे, धंदा शेती, पूर्वी कॉम्प्युटर क्लास, राहणार युसूफ वडगाव, तालुका केज, जिल्हा बीड, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे दुखतात आणि डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण डोके ठिकाणावर आहे. गावातल्या डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि मला कोणी काही पढवलेले नाही. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केले नव्हते. माझ्या माघारी वस्तूंवरून घरातल्या कोणी कोणाशी बोलणे सोडू नये, एवढ्यासाठी हे करते. आमच्या घरात एकदा तसे झालेले आहे.

१. माझे राहते घर, विहिरीजवळची जमीन, बँकेतली शिल्लक आणि अंगावरचे दागिने माझी एकुलती एक मुलगी अंजू हिला मालकी हक्काने द्यावेत. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. अंजू पुण्याला असते. दर रविवारी फोन करते आणि ठेवता ठेवता विचारते, "आई, ते भंगार कधी काढायचं?" मी म्हणते, "मी गेल्यावर काढ." मग ती चिडते आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरते. तिचा काही दोष नाही. लहानपणी तिला अभ्यासाला जागा नसे. एका टेबलावर मॉनिटर, दुसऱ्यावर उघडलेला मॉनिटर, आणि पोरगी उंबऱ्यात बसून गणिते सोडवायची.

२. घराची रस्त्याकडेची खोली, जिला गाव 'मशीनची खोली' म्हणते, ती मात्र कलम एकमध्ये धरू नये. ती माझी विद्यार्थिनी ऋतुजा नाथा शिनगारे हिला द्यावी. ती माझ्याकडे शिकली, नंतर माझ्याबरोबर शिकवू लागली, आणि आता त्याच खोलीत लोकांचे पीकविम्याचे आणि दाखल्यांचे अर्ज भरून देते. अंजूला हे सांगितले आहे आणि तिची हरकत नाही.

खोलीबरोबर, कलम तीन आणि चारमधल्या वस्तू सोडून, आतला सगळा पसाराही ऋतुजाचा. दोन रंगीत मॉनिटर, जे उचलायला दोन माणसे लागतात. आत रबरी गोळी असलेले माउस. त्या गोळ्या पोरे खिशात घालून न्यायची आणि मी शाळेच्या फाटकात उभी राहून परत गोळा करायची. फोनच्या तारेवर चालणारा मॉडेम, जो लागताना असा किंचाळायचा की शेजारच्या विमलबाई विचारायला यायच्या, कोणाला काय लागले. मोठ्या आणि छोट्या फ्लॉप्या दोन वेगळ्या डब्यांत आहेत. मोठ्या वाकतात, त्यांच्यावर काही ठेवू नये. फुगलेल्या बॅटऱ्या तेवढ्या रीतसर नेणाऱ्याच्या ताब्यात द्याव्यात, उकिरड्यावर टाकू नयेत. तिथे जनावरे चरतात.

ऋतुजा, तुला यातले काही चालवायचे नसेल तर चालवू नकोस. पण कोणी पाहायला आले तर दाखव.

३. आमचे गावपुढारी विजयसिंह आबा यांनी ही खोली आपल्या संपर्क कार्यालयासाठी तीनदा मागितली. ती त्यांना मिळणार नाही. मात्र रिकाम्या हाताने पाठवणे बरे दिसत नाही, म्हणून क्लासचा पहिला कीबोर्ड त्यांना द्यावा. उद्घाटनाच्या दिवशी आबांना पाहुणे म्हणून बोलावले होते. आम्ही नारळ फोडायला बाहेर दगड ठेवला होता. आबांनी तो न पाहता थेट मशीनच्या पत्र्यावर नारळ फोडला आणि पाणी कीबोर्डात गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचा क्लास सुरू होण्याआधीच महिनाभर बंद राहिला. तो कीबोर्ड मी धुऊन, पुसून, पिशवीत घालून ठेवला आहे. त्यांच्या कार्यालयात तो शोभेल.

४. आता प्रिंटर. याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, वकीलसाहेबांनी रागावू नये.

माझे पती गहिनीनाथ मेंढपाळाच्या घरातले. आय.टी.आय. करून गावात रेडिओ दुरुस्त करत. १९९२ साली लातूरची एक कचेरी बंद होत होती, तिथला वापरलेला कॉम्प्युटर आणि हा प्रिंटर विकायला निघाला. सासरे वारल्यावर कळपाची दोघा भावांत वाटणी झाली होती. माझ्या पतींनी आपल्या वाट्याची मेंढरे विकली आणि मशीन घेतले. जीपच्या हादऱ्यांनी मॉनिटरचा पडदा फुटू नये म्हणून तो घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेऊन आले.

धाकटे दीर हरिबा कळप घेऊन माळावर होते. त्यांना परत आल्यावर कळले. दारात उभे राहून म्हणाले, "दादा, बापानं वाढवलेलं जित्राब इकून डबा आणलास? ह्यो दूध देतो का लोकर देतो?"

माझे पती म्हणाले, "माझा वाटा होता, मी विकला."

"वाटा तुझा व्हता. पर मेंढरं दोघांची व्हती," हरिबा म्हणाले, आणि गेले. त्यानंतर आठ वर्षे दोघे भाऊ बोलले नाहीत. कळप गावाजवळून जायचा तेव्हा हरिबा लांबच्या वाटेने न्यायचे.

क्लास चांगला चालला. दिंद्रुडपासून पोरे यायची. माझ्या पतींचा आवाज खणखणीत. शिकवायला लागले की एस.टी. स्टँडवर ऐकू जायचे. मग २००० साली घशात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन झाले, स्वरयंत्र काढून टाकावे लागले. जीव वाचला, आवाज गेला.

घरी आल्यावर आठवडाभर ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. खुणा करायची त्यांना लाज वाटायची. एका सकाळी मी चहा नेला, तर पलंग रिकामा. खोलीत जुन्या मशीनसमोर बसले होते. त्या मशीनमध्ये मराठी अक्षरे उमटवणारे एक कार्ड आम्ही नंतर बसवून घेतले होते. त्यांनी टाइप केले, करकरत एक ओळ छापून निघाली, कागद फाडून माझ्या हातात दिला. लिहिले होते, 'चहात साखर कमी पडते आहे, रोजच.' मी तिथेच खाली बसले आणि हसता हसता रडले.

तेव्हापासून प्रिंटर हा त्यांचा आवाज झाला. लांबलचक बोलणे असले की तो बराच वेळ करकरायचा. रागावले की अक्षरे ठळक करून छापायचे. क्लासची पोरे पडद्यावर वाचायची, गावातले लोक कागद घेऊन जायचे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी वाचून दाखवायची.

हरिबांना वाचता येत नव्हते.

ऑपरेशनची बातमी त्यांना चकलांब्याच्या बाजूला कळप असताना कळली. पावसाळ्याच्या तोंडाला कळप गावाकडे फिरवून ते आले. आठ वर्षांनी उंबरा ओलांडला, भावासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "दादा, लई वंगाळ झालं."

माझ्या पतींनी टाइप करून कागद दिला. हरिबांनी तो हातात फिरवून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. मी वाचले, "पाणी घे. मेंढरं कशी आहेत?"

हरिबा माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, हे दादा म्हणतोय, का तुमी म्हणताव?"

"तेच म्हणतात, भाऊजी."

"मला काय कळणार? भांडण आमचं हाय. त्येच्यात तुमी मधी कावून?"

त्यांचे म्हणणे मला लागले, पण खोटे नव्हते. एवढ्या वर्षांचे भांडण तिसऱ्याच्या तोंडून मिटत नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि माझ्या पतींकडे न बघता मला म्हणाले, "मला शिकवा."

पाटी आणली तर तिला हात लावेनात. पन्नाशीला आलेला माणूस पाटी घेऊन बसला तर पोरे हसतील, म्हणाले. मशीनपुढे बसलेल्याला मात्र कोणी हसत नसे. म्हणून मी त्यांना कीबोर्डवरच शिकवले. प्रत्येक बटनावर मराठी अक्षराचा कागद चिकटवलेला होता. 'क' दाबला की पडद्यावर हिरवा 'क' यायचा. मेंढीच्या खुरातला काटा काढावा तसे ते एक बोट नेमके धरून दाबायचे, आणि अक्षर आले की मागे सरकून त्याच्याकडे बघायचे. 'मेंढी' लिहायला पूर्ण सकाळ गेली. "वहिनी, ह्यो टिंब कुठून काढायचा?" असे विचारत होते. माझे पती कोपऱ्यात बसून बघत. मदतीला उठायला लागले की मी डोळ्यांनी थांबवायची.

पावसाळाभर हे चालले. दसऱ्याच्या सुमारास कळप निघायची वेळ झाली, तेव्हा एके दिवशी हरिबा म्हणाले, "वहिनी, तुमी जरा भायेर बसा."

मी ओट्यावर तूर निवडत बसले. आत प्रिंटर एखादी ओळ करकरायचा आणि थांबायचा. मग हरिबा एक एक अक्षर जोडून मोठ्याने वाचायचे, उत्तर द्यायचे, पुन्हा प्रिंटर. मी मुद्दाम लक्ष दिले नाही. पण एकदा ते ओरडले तेवढे ऐकू आले, "मग इचारायचं व्हतंस की मला." त्यावर प्रिंटरने एकच ओळ छापली. ती ओळ हरिबांनी मोठ्याने वाचली नाही.

हरिबा बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "भाकरी टाका. आमी दोघंबी जेवतोत." हातातला कागद त्यांनी माझ्यासमोर चुलीत घातला. त्यावर काय होते ते मी त्यांनाही विचारले नाही आणि ह्यांनाही नाही. ते दोघा भावांचे होते.

पुढची नऊ वर्षे चांगली गेली. छापलेल्या कागदांच्या पाठीवर पेनाने गिरवत हरिबा हाताने लिहायलाही शिकले. तेव्हा लोडशेडिंग फार. वीज गेली की माझे पती मुके व्हायचे. हरिबांनी इन्व्हर्टरला लावायला ट्रॅक्टरची जुनी बॅटरी खांद्यावरून आणली आणि म्हणाले, "दादा, आता लाइटवाल्याच्या मर्जीनं बोलू नको." कळप घेऊन कुठेही असले तरी सणाला यायचे, मशीनपुढे बसून पावसापाण्याच्या, मेंढरांच्या, आमच्या लग्नातल्या गोष्टी करायचे. एकाचे बोलणे तोंडाने, एकाचे प्रिंटरने. २००९ साली माझे पती गेले, दुपारी, झोपेत. प्रिंटर अजून चालतो. ऋतुजा शाईची फीत आणून देते, मी महिन्यातून एकदा तो चालवते.

हा प्रिंटर, ते जुने मशीन आणि हिरवा पडदा मी हरिबांना देणार होते. कच्च्या मसुद्यात तसे लिहिलेही होते. पण काल केजहून वकील सत्यम चाटे मसुदा घेऊन आले आणि साक्षीदार ठरवायची वेळ आली, तेव्हा हरिबा म्हणाले, "एक सही माझी घ्या."

वकील म्हणाले, "काका, तुमची नको. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या कुणी शंका काढली तर नुकसान तुमचंच."

"मंग माझं जे लिवलंय ते खोडा."

मी म्हटले, "भाऊजी, प्रिंटर तुमच्यासाठीच सांभाळलाय मी इतकी वर्षं."

त्यांनी मसुदा माझ्यासमोर सरकवला. मग म्हणाले, "वहिनी, दादा गेला तवा वारसाची कागदं झाली. गावातल्या चार लोकांच्या सह्या झाल्या. मी तिथंच बसलो व्हतो. मला कुणी म्हणलं न्हाई की हरिबा, तू कर. समद्यास्नी वाटलं ह्येला येतच न्हाई. मी बी काय बोललो न्हाई, ती येळ तशी नव्हती. आता करू द्या."

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. मी मसुद्यातले कलम माझ्या हाताने खोडले.

म्हणून आता प्रिंटर, जुने मशीन आणि हिरवा पडदा या वस्तू अंजूला द्याव्यात. हे सांगायला मी रविवारपर्यंत थांबले नाही, लगेच फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आई, माझ्या नावावर कर. पण पुण्याला पाठवू नको. काकांकडंच राहू दे. संक्रांतीला येईन तेव्हा मला लावून दाखवायला सांग त्यांना." या वेळी फोन ठेवताना तिने भंगाराचे विचारले नाही.

५. माझा अंत्यविधी साधा करावा. त्या दिवशी ऋतुजाने खोली बंद ठेवू नये. अर्जाची शेवटची तारीख माझ्यासाठी थांबत नाही.

वर लिहिलेले मी पुन्हा वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोन साक्षीदारांसमोर मी सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

ठिकाण : युसूफ वडगाव
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही
वनमाला गहिनीनाथ देवकते

साक्षीदार :

१. भागवत मुळे, निवृत्त पोस्टमन, रा. युसूफ वडगाव. (सही)

२. हरिबा खंडू देवकते, धंदा मेंढपाळ, रा. युसूफ वडगाव. (सही)

साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिलेला मजकूर, जो त्यांच्या आग्रहावरून तसाच ठेवला आहे :

वकीलसायेब वाचून दावतो म्हणले. मी म्हणलो बसा, मी वाचतो. समदं वाचलं. येळ लागला. खरं हाय.