उजव्या कोपऱ्यातली ती

नाना, मी सध्या पोटापाण्यासाठी अमेरिकन फुटबॉल बघते. हसू नका. उधना दरवाजाजवळ एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथे नऊ ते सहा आम्ही वीसेक जण स्क्रीनला डोळे लावून खेळ बघतो. कोणाच्या वाट्याला क्रिकेट, कोणाच्या टेनिस, माझ्या वाट्याला हे. नाव फुटबॉल, पण पाय क्वचितच लागतो. चेंडू कच्च्या पपईसारखा लांबट, आणि खेळणारे खांद्यांवर गाद्या बांधून रेड्यांसारखे एकमेकांना धडकतात. त्यांच्यात एक असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून धिप्पाड माणसं त्याला आडवा करायला धावतात, आणि तेवढ्या अवधीत त्याने ठरवायचं की आपल्यातल्या कोणाकडे फेकायचा. तो चुकला आणि विरुद्ध बाजूच्या कोणी मध्येच झेलला, की त्याला इंटरसेप्शन म्हणायचं. असा प्रत्येक चेंडू मागेपुढे करून पाहायचा आणि यादीतून एक कारण निवडायचं, हे माझं काम. चूक फेकणाऱ्याची, की झेलणारा भलत्याच ठिकाणी गेला, की चेंडू कोणाच्या हाताला लागून उडाला. यातून म्हणे कॉम्प्युटरला खेळ शिकवतात.

तुम्हाला हे काम फार आवडलं असतं. लिंबायतच्या आपल्या मराठी शाळेत तुम्ही मुलींना हँडबॉल शिकवायचात, तेव्हा हेच तर ओरडायचात. ‘आधी बघ, मग टाक! डोळ्यांनी चुगली करू नको!’ जिकडे टाकायचा तिकडेच टक लावून बघितलं की समोरच्याला कळतं, असं तुमचं म्हणणं. भिंतीपलीकडच्या लूम खात्यातल्या कापडाच्या मागांची खटखट दिवसभर चालू, त्यामुळे तुमचा आवाज कायमचा बसलेला. मी मधोमध खेळायचे. चेंडू माझ्याकडे आला की मी ठरवायचं, कोणाला द्यायचा. आणि उजव्या कोपऱ्यात ती. ती डावखुरी होती, आणि डावखुरी मुलगी उजव्या कोपऱ्यात मिळाली की गोलाचा अख्खा दरवाजा तिच्यासाठी उघडा राहतो, हे तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात. मी मध्ये खेळते हे मात्र तुम्ही कोणाला सांगितलेलं मला आठवत नाही.

ती गोडादऱ्याहून चालत यायची. वडील लूम खात्यावर कामाला, घरात चार भावंडं. तुम्ही मला बजावलं होतं की शाळेच्या आवारात तुम्हाला नाना म्हणायचं नाही, ‘सर’ म्हणायचं, नाहीतर लोक म्हणतील, मुलीला पुढे करतो. मी पाळलं. घराबाहेर पाऊल टाकलं की मी तुमची मुलगी राहायची नाही. आणि एक दिवस सरावाच्या मध्येच ती सरळ म्हणाली, ‘नाना, पाणी पिऊन येऊ?’ मला वाटलं, आता हिला ऐकवतील. तुम्ही म्हणालात, ‘जा बेटा.’ तिथून पुढे ती नाना म्हणत राहिली आणि मी सर म्हणत राहिले. माझा कसा तिळपापड व्हायचा, ते तुम्हाला दिसलं नाही, की दिसूनही तुम्ही गप्प राहिलात?

सराव संपला की तुम्ही तिला जेवायला घरी आणायचात. आई ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची, आणि तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात. मी एकदा तोंड वाकडं केलं तर तुम्ही म्हणालात, ‘पाव्हनी शे ती.’ रोज येते ती कसली पाहुणी? मग ते बूट. तुम्ही स्टेशनजवळून एक जोड आणलात, पांढरा, निळ्या पट्ट्यांचा. खोकं आईच्या शिलाई मशीनवर ठेवलंत. मी दुपारभर त्याच्याभोवती घुटमळले, एकदा उघडून वासही घेतला. संध्याकाळी तुम्ही तिला बोलावून ते तिच्या पायात चढवलेत, अंगठा दाबून पाहिलात, पुढे जागा आहे की नाही ते. माझ्याकडे वळून म्हणालात, ‘तुना बूट चांगला शेतस अजून.’ चांगले होतेच, नाना. पण माझा अंगठा तुम्ही कधी दाबून पाहिला नव्हता.

आता त्या दिवसाचं. शाळांच्या स्पर्धेचा शेवटचा सामना, बरोबरीत अडकलेला, आणि वेळ संपत आलेली. बाकावर निवड करणारे दोघे साहेब बसलेले. त्यांच्या डोळ्यांत भरलेल्या मुलीला क्रीडा हॉस्टेल मिळणार, म्हणजे राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथेच. मला त्याची गरज नव्हती, मास्तरची मुलगी मी. तिला होती. तिच्या घरी ठरलेलं होतं की हे झालं नाही तर दहावीनंतर साड्यांना खडे लावायला बसायचं. हे मला माहीत होतं, आपल्याच स्वयंपाकघरात तिने आईला सांगितलं होतं. चेंडू माझ्या हातात येतो. मी मान वळवते. उजव्या कोपऱ्यात ती एकटी उभी आहे, डावा हात वर, आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी तिच्याकडे बघते. तीही माझ्याकडे बघते. आणि मी मान फिरवून डावीकडे, तिघींच्या घोळक्यात चेंडू टाकते. समोरच्या संघातल्या उंच मुलीने उडी मारून तो मध्येच पकडला, ती पळत सुटली, आणि आमच्यावर गोल झाला.

मी तुमच्याकडे बघितलं. एरवी चूक कोणाचीही असो, बोलणी मीच खायचे. त्या दिवशी तुम्ही माझ्या अंगावरून पुढे गेलात, थेट तिच्यापाशी, आणि सगळ्यांसमोर ओरडलात, ‘हाक का नाही मारलीस? तोंड शिवलं होतं का? तिला कसं कळणार तू तिथे आहेस?’ साहेब लोक ऐकत होते. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, ‘चुकलं, नाना.’ त्या वर्षी आपल्या शाळेतून कोणाचीच निवड झाली नाही. घरी आल्यावर आईने विचारलं तेव्हा तुम्ही चपला काढता काढता सांगितलंत, ‘तिले ती दिसनी नही व्हई. गर्दीमा काय दिसस?’ तुम्ही माझी बाजू घेतल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होते, तेही भिंतीआडून. मला वाटलं, नानांना मी फसवलं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही, पण कबूल करायला तोंड उघडलं नाही. ती दहावीनंतर खडे लावायला बसली, अजून लावते. मी बी.ए. झाले.

गेल्या महिन्यात ऑफिसात असाच एक चेंडू आला. क्वार्टरबॅकचा एक गडी उजवीकडे मोकळा होता, आणि याने गर्दीत फेकून घालवला. माझ्या शेजारच्या मुलीने ‘दिसला नाही’ असं लिहिलं होतं आणि तपासायला तो माझ्याकडे आला. मी म्हटलं, दिसला होता. मान बघ, त्या बाजूला वळली, थांबली, मग फिरली. ती मुलगी गुजराती, वयाने माझ्या निम्मी असेल. तिने तीन वेळा मागे घेऊन पाहिलं आणि म्हणाली, ‘एणे जोयो हतो, तो आप्यो केम नहीं?’ त्याला दिसला होता तर दिला का नाही? मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. घाई होती, दाब होता, अंदाज चुकला, सगळं होतं. माझं कारण त्यात नव्हतं. मी ‘अंदाज चुकला’ निवडलं आणि चहा प्यायला उठले.

तुमच्या पुण्यतिथीला ती दरवर्षी येते. अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही. हार ती आणते, फोटो ती पुसते, डोळे आधी तिचे भरतात, आणि लोक तिलाच विचारतात, तुम्ही सरांची मुलगी का? या वर्षी बाकीचे गेल्यावर आम्ही दोघी ओट्यापाशी भांडी पुसत उभ्या होतो. त्या गुजराती मुलीचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता, म्हणून मी एकदाची म्हणाले की त्या दिवशी तू मला दिसली होतीस. तिने हातातलं ताट खाली ठेवलंसुद्धा नाही. ‘माले म्हाइत शे,’ ती म्हणाली. ‘नाना दुसरा दिन घर उनथात.’ तुम्ही तिच्या घरी जाऊन बसला होतात म्हणे. तिचा हात धरून तुम्ही म्हणालात, ‘तिनी तुले दखं व्हतं. माले दिसनं. पन मन्हा तोंडमाईन निंघनं नही, बेटा.’ मी विचारलं, मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस? ती म्हणाली, ‘काय बोलू? नाना रडनात.’

तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. चाळीस वर्षांची होऊन गेले, आणि अजून वाटणी करत बसले आहे. तुम्हाला सगळं दिसलं होतं, तरी माझ्यासाठी चारचौघांत खोटं बोललात, जन्मभराची शिस्त मोडलीत, आणि तिच्या भवितव्यावर पाणी पडलं तरी मला झाकलंत. हे कळल्यावर आधी लाज वाटायला हवी होती. मला आधी आनंद झाला, आणि तो अर्धा दिवससुद्धा टिकला नाही. कारण खरं तुम्ही तिला सांगितलंत. तिच्यासमोर रडलात. मी तुम्हाला रडताना कधीच पाहिलं नाही, आजी गेली तेव्हाही नाही. खोटं माझ्या वाट्याला आणि खरं तिच्या, यात मोठा वाटा कोणाचा, हे तुम्ही असतात तरी मी तोंडाने विचारू शकले नसते.

हे पत्र माफीचं म्हणून सुरू केलं होतं, पण माफी तुमची मागून काय उपयोग? मागायला हवी तिची. ती दहा मिनिटांवर राहते, फोन केला तर आत्ता येईल. मी केलेला नाही आणि करेन असं वाटत नाही. मी माफी मागितली तर ती लगेच करेल माफ, क्षणभरही विचार करणार नाही. मग आम्हा दोघींतली चांगली मुलगी तीच ठरेल, नाना, आणि ते मला अजूनही सहन होणार नाही.