चावी काढली तरी चालू

२ नोव्हेंबर, रविवार
निर्णय पक्का. गाडीतला कंपनीचा रेडिओ काढणार, मोठ्या स्क्रीनचा स्टिरिओ बसवणार. संजीवनी मार्चमध्ये हिमानीकडे पुण्याला गेली, हवापालटाला. जरा लांबलंय. मुलगी आईला सोडत नसेल. पण खरं कारण रेडिओ. कर्जतहून येताना संजीवनी काहीतरी सांगत होती, बातम्यांत नुसती खरखर, म्हणून मी आवाज वाढवला. ती बदलापूरला घरी पोचेपर्यंत गप्प. नवा सेट बसला की येईल.

५ नोव्हेंबर, बुधवार
उल्हासनगरहून नऊ इंची सेट आणला. सिंधी दुकानदार म्हणाला, अंकल, फिटिंग इधरही करवा लो, कपलर लगेगा, रेडीमेड प्लग आता है, वायर मत काटना. मी हसलो. अठ्ठावीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात पॅनल वायरिंग केलंय, म्हणालो. तो म्हणाला, इसीलिए बोल रहा हूँ. उद्धट माणूस.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी १०
काम सुरू. तासाभराचं आहे.

दुपारी ४
डॅशबोर्डची पट्टी तुटली. आतल्या बाजूने. दिसणार नाही.

संध्याकाळी ६
दिसते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
हिमानीचा फोन. आई आणि ती रविवारी येतायत! पुढे काहीतरी सांगत होती, पण मला स्टिरिओचं सांगायचं होतं. स्टेशनवर घ्यायला येतो म्हणालो. बाबा, नको, म्हणाली. बापाला त्रास नको म्हणून. गुणी पोर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
वायरी कापल्या. नव्या सेटची लाल वायर चावीच्या वायरला, पिवळी थेट बॅटरीच्या वायरला, असं कागदावर छापलंय. नवशिक्यांसाठी असतं ते. आमच्या पॅनलमध्ये लाल, पिवळी, निळी, तिन्ही फेज. म्हणजे दोन्ही सप्लायच. एकत्र पिळून बॅटरीच्या वायरला जोडल्या, टेप मारली. स्क्रीन लागली! चावी काढली तरी चालू. जुन्यात ही सोय नव्हती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
तळमजल्याच्या पुतळाबाईंनी विचारलं, कालपासून तुमच्या गाडीत उजेड कसला? मी सोय समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुम्हीच बसलाय, घरात करमत नाही म्हणून. काहीही बोलतात. नंतर थोडा वेळ जाऊन बसलो.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८
इस्त्रीचा शर्ट. दाढी दोनदा. गाडी सुरू होत नाही. बॅटरी झोपली. हल्ली मालच हलका देतात.

संध्याकाळी ५
दोघी रिक्षाने आल्या. संजीवनीने आधी स्वयंपाक केला. मग साड्या बांधल्या, सगळ्या. शिवणाची पेटी, तिच्या आईने दिलेले पितळी डबे. मी म्हटलं, एवढं परत आणताना त्रास होईल. ती म्हणाली, अहो, परत नाही आणायचं. हिमानीने फोनवर सांगितलं होतं ना तुम्हाला. मी हो म्हणालो.

निदान स्टेशनवर तरी सोडतो म्हणालो. स्टिरिओ दाखवायचा राहिला होता. हिमानी म्हणाली, बाबा, आधी गाडी चालू तर होऊ दे. ढकलावी लागली. संजीवनीने पदर खोचला आणि हिमानीच्या जोडीने धक्का मारला. गुडघे दुखतात तिचे. तरी मारला. इंजिन लागलं. बंद पडू नये म्हणून आमच्या मांजर्ली भागात एक चक्कर मारून गेटवर आलो. दोघी नव्हत्या. पिशव्याही नव्हत्या. वॉचमन म्हणाला, रिक्षा मिळाली, गेल्या.

स्क्रीनवरून फोन लावला. चारी स्पीकरमधून तिचा आवाज, शेजारी बसल्यासारखा. आमटी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या, म्हणाली. कर्जत लोकल आली, पुढे पुण्याची गाडी गाठायचीय, ठेवते. आवाज अगदी स्वच्छ आला. फार वाईट वाटलं.

हे गाडीत बसूनच लिहितोय. इंजिन चालू ठेवलंय. बंद केलं तर ढकलायला घरात कोणी नाही.