पाचव्या उद्गाराचं गाणं

फणसवाडी, गिरगाव
ईस्टर सोमवार, ६ एप्रिल २०२६

प्रिय ताईस,

धाकटीचा प्रभूमध्ये सलाम. मिरजेला सण आनंदात झाला असेल. इथे आम्ही ठीक. ह्यांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, पण चर्चला हट्टाने चालतच येतात. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार जाणार म्हणता जिन्याला आणखी एक टेकू लागला. कैऱ्या आल्यात. तुला आवडतो तसा तक्कू केला होता.

फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणतेस आणि मग मला खरंच जाऊ द्यावं लागतं.

आपल्या चर्चमध्ये एक दीपिका यायला लागली आहे. जालन्याची, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स. ड्युटी करून सुजल्या डोळ्यांनी येते, कॉयरमध्ये उभी राहते, आणि तोंड उघडलं की सगळे माना वळवतात. मला ती पहिल्या रविवारपासून आवडली नाही. अगं, तिच्या चपलासुद्धा आवडल्या नाहीत.

गुड फ्रायडेच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचव्यानंतर, प्रभूला तहान लागते तिथलं गाणं आपल्या घरचं. आधी आई, मग मी. यंदा प्रॅक्टिसला पाळकसाहेबांनी सहज जाहीर केलं, "पाचवं दीपिका गाईल." मला विचारलंही नाही! मी तशीच त्यांच्या मागोमाग ऑफिसात गेले. म्हटलं, "साहेब, तो माझा हक्क आहे." त्यांनी कमिटीपुढे विषय ठेवला. कमिटी म्हणाली, शेवंतीबाईंचं बरोबर आहे. जिंकले मी.

आणि त्या पोरीने काय करावं? रागवावं की नाही? पुढच्या प्रॅक्टिसला थर्मासमधून माझ्यासाठी गरम पाणी घेऊन आली. "मावशी, तुम्हीच गा. मला फक्त वरचा सूर कसा घ्यायचा तेवढं दाखवाल?" ताई, माघार घेण्यातही ती माझ्या पुढे गेली. मला त्याचाही हेवा वाटला.

रमाबाई आठवतात ना, आईशेजारी बसायच्या त्या? आता काठी टेकत येतात. बाहेर पायरीवर मी त्यांना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाणं तुझंच गं. पण ते काय पागडीची खोली आहे, आईच्या नावावरून आपल्या नावावर करून घ्यायला?"

मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

गुड फ्रायडेला चर्च भरलेलं. पाचवा उद्गार वाचून झाला, ऑर्गन सुरू झाला, मी उभी राहिले. घसा साफ होता. मुद्दाम लिहिते, नाहीतर तू म्हणशील जमेना म्हणून सोडलं. तेवढ्यात मागून पुटपुटणं ऐकू आलं. दीपिका डोळे मिटून प्रार्थना करत होती, आणि त्यात माझं नाव होतं. मी तिच्यासाठी एकदाही केली नव्हती. मी वळले आणि हात पुढे केला.

"ये."

"मावशी, तुमचं आहे ते."

"माझं आहे म्हणूनच देतेय. चल, ऑर्गनवाले खोळंबलेत."

ती गायली. मी मागे उभी राहून खालच्या सुरात साथ दिली.

तुला वाटेल, मग मला शांती मिळाली असेल. कुठली शांती! तिने पहिली ओळ उचलली आणि मी लोकांचे चेहरे न्याहाळायला लागले. लोक रडत होते. मी गाते तेव्हा लोक नुसते डोळे मिटतात. हेसुद्धा रडले, आणि घरी येताना ठाकूरद्वारच्या नाक्यावर म्हणाले, "अगदी ताईंचा आवाज."

हेच लिहायचं टाळत होते. मला ते पहिल्याच रविवारी ऐकू आलं होतं. वर मी 'आधी आई, मग मी' असं लिहिलंय. मधल्या तुला गाळलंच ना मी? आईने गाणं तुला दिलं होतं. तुझं लग्न ठरलं, तेव्हा तूच म्हणालीस, "आता हे शेवंतीला दे." मी घेतलं, पण तुझ्या ताटातलं उरलेलं म्हणून घेतलं. दिलंस तू, आणि राग धरला मी.

शुक्रवारी त्या पोरीच्या मागे उभी राहिले, तेव्हा कळलं, देताना कुठे दुखतं ते. तुलाही दुखलं होतं का? तिकडच्या चर्चमध्ये तुला कुणी गायला लावलं का? मी कधी विचारलं नाही. आता विचारते. "जाऊ दे गं" लिहू नकोस, खरं ते लिही.

येत्या रविवारी दीपिकाला जेवायला बोलावलंय. मे महिन्यात तू ये. तुम्हा दोघींना एकत्र गाताना ऐकायचंय. मला हेवा वाटेलच, पण या वेळी मी समोर बसून ऐकेन.

अजून तुझा हेवा करणारी,
आणि तरीही तुझीच,
शेवंती