उघड्या कार्डावरची हार

नांदेड
दि. २८ नोव्हेंबर १९९३

आदरणीय महानंदावहिनी यांस,
गुलाम रसूलचा सलाम आणि स. न. वि. वि.

ऑक्टोबरात लातूरला आलो तेव्हा तुमच्यासमोर तासभर बसलो आणि चहा पिऊन उठलो. बोलणं काही झालं नाही. मग लिहीन लिहीन म्हणत दोन महिने गेले. आज लिहायला बसलो ते एका चुकीपायी.

काल कलकत्त्याला आपल्या संघानं वेस्ट इंडीजला एकशे तेवीसात गुंडाळलं. तुम्हाला क्रिकेटचा तिटकारा, पण गुरप्पाचा आणि माझा करार तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात एका खोलीत राहायचो तेव्हापासून, तुमच्या दोघांच्या लग्नाआधीपासून, तो आपल्या संघाचा आणि मी वेस्ट इंडीजचा. घड्याळवाल्या रसूलचा संघ दुसराच कुठला तरी असणार असं पुष्कळांना वाटे. खरं सांगितलं की बिचाऱ्यांचा हिरमोड व्हायचा. आमच्यात हरणाऱ्यानं उघड्या कार्डावर हार कबूल करायची, पाकिटात नाही. पोस्टमनपासून पारावरच्या माणसांपर्यंत सगळ्यांनी वाचलं पाहिजे. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये विश्वचषक गेला तेव्हा मी कार्ड लिहिलं. त्याच हिवाळ्यात ते लोक इथं येऊन आपल्याला धुऊन गेले, तेव्हा गुरप्पानं लिहिलं.

यंदा ऑगस्टात त्याचं पत्र होतं की कलकत्त्याचा कप आपलाच. मी उलट टपाली कळवलं की वेस्ट इंडीज समोर आले तर कप विसर. आज सकाळी उठलो, कार्ड घेतलं, लिहिलं की गुरप्पा जिंकलास, तुझाच संघ भारी, फार शेफारू नको, उत्तर लवकर टाक. वर नेहमीचा गावचा पत्ता टाकला आणि पेटीत टाकून दुकान उघडलं. पहिल्या घड्याळाचं झाकण काढलं तेव्हा ध्यानात आलं, आपण कोणाला लिहून बसलो.

आज रविवार, पोस्टाला कुलूप. उद्या पेटी उघडताना जाऊन उभा राहतो, पण टाकलेलं टपाल परत देत नाहीत म्हणतात. साबेरा सकाळपासून मला शब्दानं रागावली नाही, यावरून समजा. कार्ड पोचलंच तर मला माफ करा.

आमच्या लुबनाचं दहावीचं वर्ष. लातूरच्या क्लासेसची नावं पाठ करून राहिली आहे. ते पुढचं पुढं.

तुमच्या मनात माझ्यासाठी थोडी जागा उरली असेल तर ती राखा, ही विनंती.

आपला,
गुलाम रसूल


लातूर
दि. ७ डिसेंबर १९९३

श्री. रसूलभाऊजी यांस,
स. न. वि. वि.

पत्र मिळालं. कार्ड त्याआधीच पोचलं. भूकंपानंतर गावात एक भिंत उभी नाही, पण टपाल बिनचूक येतं. धोंडप्पा पोस्टमननं पत्र्याच्या शेडची रांग शोधून काढली आणि सासूबाईंच्या दारात उभं राहून कार्ड मोठ्यानं वाचलं. तुमची कार्डं तो नेहमीच अशी वाचत असे. त्याच्याही हातून सवयीनंच झालं, पण झालं.

परिणाम तुम्हाला कळला पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. पत्र्याच्या शेडमध्ये हा हिवाळा त्यांना निभणार नाही, असं शिबिरातल्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं आहे. मोठ्या मुश्किलीनं त्या लातूरला यायला तयार झाल्या होत्या. मधल्या खोलीतली क्लासची बाकं काढून मी त्यांच्यासाठी पलंग टाकला. तुमचं कार्ड आलं आणि त्यांनी साफ नकार दिला. आता दिवसभर ते मांडीवर घेऊन दाराशी बसतात. शेजारणी सांगतात की सासूबाईंचं म्हणणं, मित्र उत्तर मागून राहिला म्हणजे त्याला काही ठाऊक असल्याबिगर मागंल का. त्या रात्री इतक्या माणसांना एकदमच अग्नी दिला गेला. सासूबाईंना कोणी जवळ जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या मनात काय बसलं असेल, ते मी समजू शकते.

मला एकोणीस तारखेपर्यंत हलता येत नाही. बत्तीस मुलांची चाचणी आहे. इथं हल्ली गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्यात, भोकर-मुदखेडहून पालक ट्रंका आणि स्टोव्ह घेऊन उतरतात, आणि पोरं गणितात कच्ची ती कच्चीच. चूक तुमची आहे, ती तुम्ही निस्तरा. औशाला उतरून पुढची गाडी धरा, सासूबाईंसमोर बसा आणि तो गेला हे सरळ शब्दांत सांगा. आडपडदा ठेवू नका. मी हे रागानं लिहीत नाही. रागावायला मला वेळ नाही.

सौ. साबेराला आशीर्वाद. थंडी वाढण्याआधी काम झालं तर तुमच्याबद्दलचा लोभ पूर्वीइतकाच राहील.

महानंदा


नांदेड
दि. ११ डिसेंबर १९९३

आदरणीय वहिनींना सलाम आणि स. न. वि. वि.

सतरा तारखेला जातो. शुक्रवार आहे, दुकान बंदच असतं. एक कबूल करतो. गुरप्पा गेला, हे वाक्य मी आजवर तोंडानं उच्चारलेलं नाही. घरात नाही, दुकानात नाही. म्हातारीसमोर पहिल्यांदा म्हणणार. जमेल की नाही सांगता येत नाही, पण जातो.

तुमचा धाक आहे तोवर आमचं बरं चाललं आहे. तो असाच राहो.

गुलाम रसूल


नांदेड
दि. २० डिसेंबर १९९३

आदरणीय महानंदावहिनी यांस,
स. न. वि. वि.

जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो. धोंडप्पा फाट्यावर घ्यायला आला होता. तोही माझ्याइतकाच भ्यालेला. केवळामावशी कार्ड मांडीवर घेऊन दाराशीच होत्या. मला बघून म्हणाल्या की वाळलास रे, बायको खायला घालती का न्हाई. मी खाली बसलो. पाणी प्यालो. मग डोळे मिटून सांगून टाकलं की मावशी, गुरप्पा गेला, मी कार्ड चुकून टाकलं.

मावशींनी मला वेड्यात काढलं. म्हणाल्या, नऊ महिने म्या वागवला, मला कळंना व्हय? पहाटं जमीन हालली तवाच कळलं. शेजारणी मला येडी समजत्यात तर समजू दे, तेवढाच त्यांचा येळ जातो. मी विचारलं की मग कार्ड घेऊन दाराशी का बसता. तर उशाखालून पिशवी काढली. तिच्यात सरकारी कागदांची चळत. त्या कागदांवर शाळेतल्या पोराकडून त्यांनी एक शब्द ओळखायला शिकून घेतला आहे. प्रत्येक कागदावर त्यांनी मला तो बोटानं दाखवला. मयत गुरुपादप्पा. मयत गुरुपादप्पा. मग कार्ड पुढं केलं. म्हणाल्या, दोन महिन्यांत या एका कागदावर तेवढं न्हाई. यावर तो जिंकलाय, अन् तू त्याला शेफारू नगं म्हणलास.

वहिनी, मी कार्ड त्यांच्या मांडीवर परत ठेवलं. तुम्ही सांगितलेलं काम अर्धंच राहिलं होतं, म्हणून उठताना लातूरचा विषय काढला. त्यावर त्या जे बोलल्या ते लिहू की नको, याचा दोन दिवस विचार केला. आडपडदा ठेवू नका हे तुमचंच वाक्य, म्हणून लिहितो. म्हणाल्या की सून लई कर्तबगार हाय, औषिध-पाणी येळेवर करील, पण तिच्या घरात माझ्या लेकाचं नाव काढायची चोरी हाय. त्याचा रेडिओ बी तिनं कपाटात कोंडला. तिथं मी थंडीनं न्हाई मरायची, गप बसून मरंन. इथं निदान धोंडप्पा नाव तरी घेतो.

हा निरोप पोचवल्याबद्दल तुमचा लोभ आटला तर ती माझी दुसरी हार समजेन, आणि तीही उघड्या कार्डावर लिहून देईन.

गुलाम रसूल


लातूर
दि. १४ फेब्रुवारी १९९४

श्री. गुलाम रसूलभाऊजी,
स. न. वि. वि.

तुमच्या डिसेंबरच्या पत्राला आज उत्तर देते आहे. उशीर झाला. कारण ते पत्र मला आवडलं नव्हतं, आणि त्यात चूक एकही सापडली नव्हती.

सव्वीस डिसेंबरला मी गावी गेले. सासूबाईंसमोर बसले आणि इतक्या दिवसांत न बोललेलं बोलले. काय बोलले ते आमच्या दोघींत राहू द्या. येताना त्या माझ्यासोबत आल्या. त्यांची एकच अट होती, ती वाटेतच औशाच्या बाजारात पुरी केली. रेडिओला चार नवे सेल घेतले.

तेव्हापासून माझ्या घरात शिस्त उरलेली नाही. श्रीलंकेचे तिन्ही कसोटी सामने आम्ही ऐकले. सासूबाईंना खेळातलं काही समजत नाही. दर षटकाला विचारतात की कोण वर हाय. पाच दिवस खेळून माणसं घरी का जात न्हाईत, हा त्यांचा प्रश्न मलाही रास्त वाटतो. बाहेर माझे विद्यार्थी बीजगणित सोडून कान देतात. एकाला उठवून उत्तर विचारलं तर त्यानं धावसंख्या सांगितली. मी त्याला बाहेर उभं केलं. धावसंख्या मात्र बरोबर होती.

जानेवारीत तुम्ही सासूबाईंना लिहिलं होतं की लंकेचा संघ आता पूर्वीचा राहिला नाही, तीनपैकी एक तरी सामना वाचवील. तिन्ही डावानं गेले. सासूबाई रोज पोस्टमनची चौकशी करतात. लिहून द्यायला आठ दिवस पुरेत.

दुसरं, लुबनाचा निकाल लागला की जूनमध्ये तिला इकडे धाडा. खोली शोधत फिरू नका, मधल्या खोलीत सासूबाईंच्या पलंगाशेजारी जागा आहे. गणित मी घेईन. रडली तरी घेईन, हे तिला आधीच सांगून ठेवा. सौ. साबेराला आशीर्वाद. तुमच्यावरचा लोभ कमी झालेला नाही. तो मोजायचा माझा स्वभाव नाही.

महानंदा

ता. क. पैज सासूबाईंची असली तरी कार्डावर नाव गुरुपादप्पाचंच टाका, आणि पत्ता या घरचा. इथला पोस्टमन मोठ्यानं वाचत नाही. मी वाचेन.