आईच्या पाच वाट्या

धाकट्या,

मी हॉस्पिटलात चाललेय, आईचा उद्याचा बेड पक्का करायला. सातपर्यंत आले नाही तर माझी वाट बघू नकोस, तिला वाढ.

सूप, मासा, भाजी, भात आणि कस्टर्ड, सगळं करून ठेवलंय. प्रत्येक पदार्थ वेगळा मिक्सरमधून काढ, वेगळ्या वाटीत दे. एक वाटी संपल्यावरच दुसरी. काल तू सगळं एकत्र फिरवून गिचका केलास. तीस वर्षं हॉटेलात स्वयंपाक केलेल्या बाईपुढे! तिने तोंड फिरवलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घास छोटा दे. गिळल्याशिवाय पुढचा नको. ठसका लागला तर थांब आणि मला फोन कर. उगाच शहाणपणा नको.

उद्यापासून तिला नळीनेच अन्न द्यायचंय, हे मी तिला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस, असं लिहिणार होते. पण आत्ता मी तिने करून दिलेली आजच्या पदार्थांची यादी उचलली. तळाशी तिच्याच अक्षरात आहे:

"कस्टर्ड शेवटी द्या. तोंडात तीच चव राहू दे."

ताई