पिवळ्या गोळ्या

आई, तू गेलीस त्याला किती वर्षं झाली, पण पुण्याच्या दवाखान्यातला तो दिवस अजून मनातून जात नाही. पहिल्या बाळंतपणाला मी पौडला तुझ्याकडे आले होते. तुझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा पडला होता, आमटीसुद्धा झोंबायची. तू काय करायचीस, तर तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायचीस आणि तीच मिश्री त्या गालात दाबून धरायचीस. "त्यानं त्वांड साफ ऱ्हातं," म्हणायचीस. सोमवार, एकादशी, चतुर्थी, सगळं कडक. पोटात अन्न नाही आणि तोंडात मिश्री. "तिनं उपास मोडत न्हाई, भूक बी मरती."

चट्टा दाखवायला तुला पुण्याला नेलं, तिथले डॉक्टर अशा चट्टेवाल्यांच्या रक्तातली जीवनसत्त्वं तपासत होते. तुझं रक्त बघून म्हणाले, "मावशी, रक्तात काहीच नाही तुमच्या. या चट्ट्याचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. मिश्री बंद, उपास बंद, आणि या गोळ्या रोज." हे मला मागाहून कळलं; तेव्हा मी बाहेर रांगेत केसपेपर घेऊन उभी होते. तू बाहेर येऊन मला एवढंच सांगितलंस, "मिश्री सोड म्हंत्यात."

पुढच्या महिन्यात मीही आत आले. रक्त होतं तसंच. डॉक्टर वैतागले. "गोळ्या घेताय ना?"

"घेती की. देवाशप्पत."

त्यांनी खणातून एक गोळी काढून दाखवली. पिवळी, उग्र वासाची. तो वास मला पाठ होता. रोज सकाळी दुधाबरोबर तूच माझ्या हातावर ठेवत होतीस, नर्सबाईंनी बाळासाठी दिल्यात म्हणून.

"आई, या तर मी खातेय!"

डॉक्टर लिहायचे थांबले. तू पदर सारखा केलास. "तिच्या पोटात जीव हाय. माज्या तोंडाचं काय एवडं?"

"अहो, तिला मी वेगळ्या दिल्या असत्या! मागायच्या होत्या नुसत्या!"

मागायचं तुला ठाऊकच नव्हतं. मी मात्र तुझ्याकडे बघतच राहिले. निवदाच्या भाताची चव न घेणारी माझी आई, देवाची शपथ घेऊन खोटं बोलली होती, आणि तिचा आवाजसुद्धा हलला नव्हता. परतताना एसटीत मला म्हणालीस, "रडतीस कशाला? ग्वाड न्हवत्या, म्हनून व्हय?"

त्या चट्ट्याची पुढे कॅन्सरची गाठ झाली. गोळ्यांनी ती टळली असती असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. मुख्य दोष मिश्रीचाच, म्हणाले. मला ते कळतं. तरी रोज पूजेला बसले की देवाला सांगते, तिची ती खोटी शपथ पोटात घाल. त्यानं घातलीही असेल. माझ्याच्यानं अजून झालेलं नाही.